शिकागोतली काळी बिअर आणि ओकचं पिंप

नोव्हेंबरात शिकागोला जाऊ नकोस, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. पण तिथल्या गूज आयलंड या ब्रुअरीची बोर्बन काउंटी स्टाउट, म्हणजे बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली काळी, दाट बिअर, बाजारात येते ती थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, म्हणून मी मुद्दाम तोच आठवडा धरला. शिकागोजवळ नेपरव्हिलला राहणारा माझा मामेभाऊ या बिअरचा जुना भोक्ता. "गाडी नको गं, ट्रेननं जाऊ," दादानं आधीच ठरवून टाकलं होतं. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे वाद घालायला जागाच नव्हती. मेट्रा या उपनगरी रेल्वेनं युनियन स्टेशन, तिथून चालत क्लिंटन, पुढे ग्रीन लाइननं अ‍ॅशलँड. उतरल्यावर बोचऱ्या वाऱ्यात थोडंसं चाललं की फुल्टन स्ट्रीटची ब्रुअरी.

१९८८ साली जॉन हॉल यांनी शहरातच एक ब्रुपब, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणारा बार काढला, ती गूज आयलंडची सुरुवात. त्यांचा मुलगा ग्रेग हॉल तेव्हा तिथला ब्रुमास्टर, म्हणजे बिअर बनवणारा प्रमुख. बोर्बन बनवणाऱ्या जिम बीम घराण्यातल्या बुकर नो यांची त्याच्याशी एका जेवणाच्या निमित्तानं गाठ पडली, बोलणं रंगलं आणि बोर्बनची सहा रिकामी पिंपं शिकागोला आली. त्यात ग्रेगनं दणदणीत इम्पिरियल स्टाउट, म्हणजे जास्त कडक स्टाउट भरली. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा स्पर्धांमध्ये अशा बिअरला बसवायला वर्गसुद्धा नव्हता. आज अमेरिकेत पिंपात मुरवलेली स्टाउट करत नाही अशी ब्रुअरी शोधावी लागते. २०११ साली बड्या अ‍ॅनहायझर-बुशनं ही ब्रुअरी विकत घेतली म्हणून बरेच जुने चाहते रुसले. त्यांचं दुःख मला कळतं, पण मी प्यायले ती बिअर अस्सल होती.

पिंपं इतकी सहज मिळतात याला कारण अमेरिकेचा कायदा. बोर्बन आतून जाळलेल्या नव्याकोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेलं सुमारे २०० लिटरचं पिंप तिच्या कामाचं उरत नाही. मग ती पिंपं स्कॉटलंडला जातात, कॅरिबियनमधल्या रमवाल्यांकडे जातात. आपल्या गोव्यात, कुंकळ्ळीच्या पॉल जॉनची सिंगल माल्ट व्हिस्कीसुद्धा अशाच पिंपांत तयार होते.

शिकागोच्या ब्रुअरीत पिंपाची एक सुटी फळी हातात घेऊन पाहता आली. आतली बाजू कोळशासारखी काळी, भेगाळलेली, बोट फिरवलं की काजळी लागते. कडेनं पाहिलं तर काळ्या थराच्या आत लाकडात एक तांबूस रेघ. तिथपर्यंत बोर्बन झिरपलेली होती. पिंप रिकामं केलं तरी ही मुरलेली दारू लाकडातच राहते, आणि मग स्टाउटची पाळी येते. शिकागोच्या कोठारात उन्हाळ्यात लाकूड फुगून बिअर आत घेतं, हिवाळ्यात आकसून बाहेर टाकतं. असं वर्षभराच्या आसपास चालतं. लाकडात जंतूही राहतात बरं का. २०१५ च्या काही बाटल्या त्यामुळे आंबट झाल्या, तेव्हापासून ही बिअर पाश्चराइज करूनच भरतात.

ग्लास आला तो छोटा, पोटाशी फुगीर. बिअर काळीकुट्ट, तपकिरी फेस बघता बघता विरला. ग्लास तिरका केला की काचेवर दाट थर सावकाश उतरतो. मी लगेच ओठाला लावणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब जरा, तळहातात धरून ऊब येऊ दे." थंड असताना नुसता अल्कोहोल आणि कडू कोको जाणवत होता. दहाएक मिनिटांनी वास उमलला: काकवी, खजूर, व्हॅनिला, आणि मागून खरपूस भाजलेलं खोबरं. यातलं व्हॅनिला आणि खोबरं कोणी घातलेलं नव्हतं. अमेरिकन ओकमध्येच व्हॅनिलिन आणि खोबऱ्याच्या वासाची लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, ती आचेनं मोकळी होतात. बोर्बनची ऊब घशाखाली उतरते, पण चटका नाही.

दुसऱ्या दिवशी एका बारमध्ये दुसऱ्या कुणाची तरी 'पेस्ट्री स्टाउट' घेतली. व्हॅनिला, खोबरं, मार्शमेलो आणि वर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. बिअरच्या यीस्टला लॅक्टोज पचत नाही, म्हणून तो गोडवा जसाच्या तसा उरतो. पहिला घोट मस्त लागला. तिसऱ्या घोटापर्यंत तोंडाला मिठी बसली, आणि पिंप कुठे आहे ते शोधूनही सापडेना. मला हे मनापासून खटकतं. वर्षभर लाकडानं केलेली मेहनत सरबताखाली बुडवायची कशाला?

म्हणजे वरून घातलेलं सगळंच वाईट असं नाही. दादानं २०१३ च्या प्रोप्रायटर्सची, म्हणजे बोर्बन काउंटीच्याच एका खास प्रकाराची, एक बाटली जपून ठेवली होती. राय या धान्याच्या व्हिस्कीच्या पिंपातली, भाजलेलं खोबरं घातलेली. ताजी असताना ती खोबऱ्यानं घमघमायची म्हणे. इतक्या वर्षांनी वरचं खोबरं जवळजवळ गेलेलं, आणि उरलं ते लाकूड, मनुका, रायचा मिरमिरीत तिखटपणा. वहिनी पीत नाहीत, पण ग्लास नाकाशी नेऊन म्हणाल्या, "अगं, नारळीपाकाचं भांडं खाली लागलंय जणू." मला ती या सगळ्या प्रवासातली सर्वांत आवडलेली बिअर.

कुणी जाणार असाल तर आधी साधी बोर्बन काउंटी घ्या, प्रकार नंतर. अर्ध्या लिटरची बाटली तिघाचौघांत पुरते. सोबत गोड काही मागवू नका. जुनं, खारट चेडर चीज फार छान जातं.