औषध फक्त पांढऱ्या पापणीला

फोन रानमालकाचा होता, मेंढक्याचा नव्हे. "बाई, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, आत्ताच्या आत्ता या आणि काय ते लिहून द्या. माझ्या रानात ह्याची मेंढरं मेली, आणि आता मला म्हणतोय, तू बांधाला तणनाशक मारलंस म्हणून मेली." मागं आरडाओरडा चालला होता, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडात.

निपाणीहून वेदगंगेच्या काठानं गेलं की ते गाव लागतं. सोयाबीन निघालेली, परतीचा पाऊस अधूनमधून येऊन जाणारा, आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची यात्रा तोंडावर. या दिवसांत मोकळ्या रानात मेंढरं बसवायची आमच्याकडची जुनी रीत. शेतकऱ्याला लेंडीचं खत मिळतं, धनगराला रातीच्या हिशेबानं धान्य नाहीतर रोख. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात तोच वाडा, म्हणजे धनगराचा कळप, बसतो. पण एकदा मेंढरू मेलं की हा सगळा घरोबा बांधावर येऊन थांबतो.

मी पोचले तेव्हा बाभळीखाली तीन मेंढ्या आडव्या पडल्या होत्या. त्याआधीही काही गेल्या होत्या, पण त्या पुरून झाल्या होत्या. वाड्याचा कारभारी सत्तरीकडं झुकलेला. सगळे त्याला आप्पा म्हणत होते, मीही तेच म्हणू लागले. तो मालकाशी मराठीत भांडत होता आणि वळून बायकोशी कन्नडात बोलत होता. दोन्ही भाषांत राग सारखाच.

विषबाधेचं मेंढरू बघितल्यावर काही गोष्टी डोळ्यांत भरतात. फवारणीच्या कीटकनाशकाचं असेल तर तोंडाला फेस, लाळ, थरथर, बाहुल्या बारीक. इथं त्यातलं काही नव्हतं. उभी होती त्यांतल्या दोघी मान टाकून, कळपापासून मागं राहिलेल्या. त्यांच्या जबड्याखाली हात घातला तर मऊ, पाण्यानं भरलेली सूज. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत लालीचा पत्ता नाही. पांढरीफटक.

"आप्पा, हे जंताचं दिसतंय."

"जंत?" म्हातारा उसळला. "बाई, जंत असतं तर हागवण लागली असती. ह्या लेंड्या बगा की! गोळीसारख्या हाईत."

खरंच लेंड्या घट्ट होत्या. आणि हीच या जंताची गोम आहे. हिमॉन्कस हा जंत मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो आणि रक्त पितो. तो एकटा असेल तर हागवण लागत नाही. शेण पातळ नाही म्हणजे जंत नाही, या समजुतीपायी किती मेंढरं गेली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

तोंडी सांगून कुणाला पटणार नव्हतं. रानमालकाला लेखी हवं होतं, आप्पाला डोळ्यांनी बघायचं होतं. ताडपत्री पसरली, शेवटी मेलेली मेंढी घेतली आणि उघडली. सुरी लावल्या जागी रक्त आलं ते लाल पाणी म्हणावं असं. पोटाच्या पोकळीत पाणी साचलेलं, काळीज फिकट. चौथं पोट बाजूला काढून कडेनं चिरलं, आतला तपकिरी रस ताटलीत ओतला, आणि सगळं ताट हलू लागलं. दोन-अडीच सेंटीमीटरचे बारीक जंत, शेकड्यांनी, एकमेकांत गुंतलेले, लाल-पांढऱ्या दोऱ्याचा पीळ असावा तसे. मादीचं आतडं पिलेल्या रक्तानं लाल दिसतं आणि तिचे पांढरे अंडाशय त्याभोवती वेढे घालत जातात, त्यामुळं तो पीळ दिसतो.

"एष्टु हुळ!" किती हे किडे, असं आप्पाची बायको कन्नडात म्हणाली आणि पदर तोंडाला लावून मागं झाली. भांडण तिथंच थांबलं.

मी मातीत काडीनं हिशेब मांडला. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिलिलिटर रक्त घालवतो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात 5,000 जंत असतील तर दिवसाला पाव लिटर. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच मुळी दोन लिटरच्या आसपास. शरीर नवं रक्त करतं, हाडांतल्या मगजाला जोर लावतं, पण ते करायलाही लोह लागतं, प्रथिनं लागतात, आणि काही दिवसांत ती गंगाजळी संपते. रक्तातली प्रथिनं कमी झाली की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही, बाहेर झिरपतं आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साठतं. वर एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. अशा ऊबदार ओलीत ती अंडी फुटून आठवडाभरात गवताच्या पात्यावर चढणाऱ्या अळ्या तयार होतात.

रानमालकाचं काम झालं होतं. त्याला कागद हवा होता, तो लिहून दिला. खिशात घालताना तो हळूच म्हणाला, "मारलं हुतं मी तणनाशक, पर पलीकडच्या बांधाला." आप्पानं ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या मते दोघंही त्या क्षणी शहाण्यासारखं वागले.

मला मात्र आता दुसरंच कोडं पडलं होतं. सगळा वाडा एकाच काठाला चरला होता. तेच गवत, तेच पाणी, त्याच अळ्या. मग काही मेल्या, काही झोकांड्या खात होत्या, आणि फाटक्या कानाची एक काळी म्हातारी मेंढी पलीकडं निवांत रवंथ करत बसली होती, ते कसं? तिची पापणी ओढली. गुलाबी.

"आप्पा, मेलेल्या कुठल्या होत्या? तुमच्या घरच्या का विकत घेतलेल्या?"

म्हाताऱ्यानं बोटं मोडत आठवलं. बहुतेक मेलेल्या मेंढ्या पावसाळ्याआधी जतच्या बाजूनं आणलेल्या. राहिलेल्या दोन-तीन नुकत्याच व्यालेल्या. घरच्या थोराड मेंढ्यांतली एकही गेली नव्हती.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गंमत याच्यात आहे. जीवाणूला शरीर गिळून मारू शकतं. दोन सेंटीमीटरचा जंत कुठल्याही पेशीला गिळता येत नाही. म्हणून जंतासाठी शरीराची तऱ्हा वेगळी. अळी जठराच्या अस्तरात शिरली की तिथल्या पेशी खुणा पाठवतात, मदतनीस टी-पेशींचा एक विशिष्ट गट जागा होतो. त्यांच्या हुकमानं इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, अस्तरात मास्ट पेशी वाढतात, आयजीई आणि आयजीए या प्रतिपिंडांचं प्रमाण चढतं, आणि चिकट स्रावाचा थर जाड होतो. मास्ट पेशी फुटल्या की अस्तर सुजतं, जठराची हालचाल वाढते, जंताला तिथं टिकून राहणं अवघड होतं. मुरलेल्या मेंढीत कित्येक अळ्या आत शिरायच्या आधीच त्या स्रावात अडकून बाहेर पडतात. जी मादी टिकते ती खुरटते, अंडी कमी घालते.

1929 साली स्टोल या शास्त्रज्ञानं एक नवलाची गोष्ट नोंदवली. कुरणावर चरणाऱ्या कोकरांच्या शेणातली अंडी वाढत गेली आणि मग औषध न देता एकाएकी घसरली. पुढं उलगडलं ते असं: पाऊस पडून नव्या अळ्या मोठ्या संख्येनं पोटात गेल्या की शरीराची ती ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया भडकते आणि नव्यांबरोबर जुने बसलेले जंतही बाहेर फेकले जातात. बिदरच्या कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

पण ही ताकद जन्मजात हातात येत नाही. कोकरं पहिले काही महिने उघडीच असतात. जनावराला थोड्या थोड्या अळ्या खात, महिनोन्‌महिने शिकावं लागतं. जतच्या कोरड्या माळावर वाढलेल्या मेंढ्यांना नदीकाठच्या ओल्या गवताची ही शिकवणी मिळालीच नसणार, त्या एकदम भर पावसात इथं आल्या. आणि व्यालेल्या मेंढीचं म्हणाल तर व्यायच्या आधीपासून दूध चालू असेपर्यंत तिचं शरीर सगळं गर्भाला आणि कासेला देतं. जंताविरुद्धची पकड त्या काळात ढिली पडते, अंडी भराभर वाढतात. म्हणजे नेमकी कोकरं चरायला लागतात तेव्हा त्यांचीच आई कुरणावर सर्वांत जास्त अळ्या पेरत असते. निसर्गाला दोष देऊन उपयोग नाही, पण वेळ त्यानं वाईट साधली आहे.

"श्रावणात औषध पाजलं हुतं," आप्पा म्हणाला. "सगळ्यास्नी. दर साली पाजतो."

बाटली दाखवली. अल्बेंडाझोल. वर्षानुवर्षं तेच, आणि मोजमाप म्हणजे बाटलीचं टोपण. थोराडाला एक, लहानाला अर्धं. अशा अपुऱ्या डोसात कमकुवत जंत मरतात, कणखर उरतात, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच. सगळ्या वाड्याला पाजलं तर पोटात कणखरांखेरीज कुणी राहतच नाही. म्हणून मी सांगितलं, आता औषध द्यायचं ते फक्त पांढऱ्या पापणीला. गुलाबीला नाही.

इथं खरं भांडण झालं, मगाचं काहीच नव्हतं.

"निम्म्या वाड्याला औषध आणि निम्मा तसाच? बाई, ह्या काय पंगती हाईत व्हय?"

त्याचा थोरला मुलगाही वैतागला. औषधाचे पैसे आम्ही देतोय ना, मग सगळ्यांना द्या. मी सांगितलं, त्या गुलाबी पापणीवाल्या मेंढ्यांच्या पोटात थोडे जंत आहेत, ते या वेळचं औषध न बघितलेले राहू देत. त्यांची अंडी कुरणावर पडली तर कणखर जंतांच्या पिलावळीत साधे जंत मिसळत राहतात, औषध जास्त वर्षं चालतं. आणि एका वाड्यातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात, त्या शोधल्या की निम्मं काम होतं. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान या पशुवैद्यानं यासाठी पापणीच्या पाच रंगांचा तक्ता केला. त्याच्या नावावरूनच तक्त्याला फामाचा म्हणतात. एक म्हणजे लालबुंद, पाच म्हणजे मरणाच्या दारात. माझ्याकडं तो होता. आप्पानं हातात घेतला, दोन-चार मेंढ्यांच्या पापण्या स्वतः ओढल्या, आणि मग तक्ता बाजूला ठेवून नुसत्या डोळ्यांनीच निवडू लागला. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. चार आणि पाचच्या मेंढ्या त्यानं भराभर बाजूला काढल्या, तीनमधल्या दुबळ्या आणि व्यालेल्या मीही त्यात घातल्या.

औषध दिलं ते क्लोझान्टेल. रक्तातल्या प्रथिनाला चिकटून ते काही आठवडे टिकतं, आणि जो जंत रक्त पितो त्यालाच नेमकं लागतं. पण ते टोपणानं पाजायचं औषध नव्हे. डोस जास्त झाला तर मेंढी आंधळी होते. म्हणून ताणकाटा बाभळीला टांगला आणि एकेक मेंढी पोत्यात घालून तोलली. बघ्यांना सगळ्या दिवसातलं हेच जास्त आवडलं. व्यालेल्यांना शेंगपेंड चालू करायला सांगितलं. अंगात प्रथिनं असतील तर शरीर जंताशी भांडतं, नुसत्या कडब्यावर नाही भांडत. आणि वाडा नदीकाठ सोडून वरच्या माळाला हलवायला लावला.

रात्री दवाखान्यात लेंड्या तपासल्या. कुस्करून मिठाच्या घट्ट पाण्यात घालायच्या, अंडी तरंगून वर येतात, मग आखलेल्या काचेत घालून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. जतच्या मेंढ्यांचा आकडा ग्रॅममागं हजारांत होता. फाटक्या कानाच्या म्हातारीच्या लेंडीत अंडं शोधावं लागलं. एरवी हे काम मला कंटाळवाणं वाटतं, त्या रात्री वाटलं नाही.

आप्पाच्या मुलानं फोनवर विचारलं होतं, ह्याला लस नाही का? आहे, पण इकडं मिळत नाही. ऑस्ट्रेलियात 2014 पासून बार्बरव्हॅक्स नावाची लस आहे आणि तिची युक्ती मला फार आवडते. जंताच्या आतड्याच्या आतल्या बाजूची प्रथिनं घेऊन ती केलेली आहे. मेंढीला ती प्रथिनं एरवी कधी दिसतच नाहीत. लशीमुळं रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि जंत ते रक्त स्वतःच पितो. पण नुसत्या जंतामुळं मेंढीच्या शरीराला त्या प्रथिनांची आठवण कधी होत नाही, त्यामुळं लस पुन्हा पुन्हा टोचावी लागते.

दोनेक आठवड्यांनी औषधाचा परिणाम बघायला पुन्हा लेंड्या घ्यायला गेले. जबड्याखालच्या सुजा उतरल्या होत्या, आकडेही खाली आले होते. एक जतवाली मेंढी मधे गेली. वाडा माळावर होता आणि दिवाळीच्या तोंडावर एक व्यापारी टेंपो घेऊन आला होता. फाटक्या कानाच्या मेंढीचं नर कोकरू त्यानं निवडलं होतं, भावही बरा देत होता.

"थांबा," आप्पा म्हणाला. "बाई, ह्याच्या आईचा आकडा किती आलता?"

मी वही काढून सांगितला. जंत रोखायची ताकद काही अंशी रक्तातून पिल्लात उतरते, हेही सांगितलं. चौथाईच्या आसपास, बाकी खाणं आणि रान. आप्पानं कोकरू व्यापाऱ्याच्या हातून सोडवून मागं ढकललं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आईचं झालं. बापाचं कुणी बघितलंय? वाड्यातली निम्मी कोकरं त्येचीच हाईत."

ते मला आधी सुचायला हवं होतं, पण विचारलं त्यानं. मोठा मेंढा दावणीला बांधलेला होता. मुलानं शिंगं धरली, मी पिशवी उलटी करून हातात चढवली.