आमची वाटचाल : आउटलेटपासून नदीपर्यंत

२००९ च्या दसऱ्याला ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आम्ही टेबल मांडलं, पाणी मोजणाऱ्या यंत्रांच्या कामाचं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत आठ वर्षं मीटर दुरुस्त केलेला. ती रसायनशास्त्राची पदवीधर. बफर, म्हणजे मीटरचं माप पडताळायची द्रावणं, तिनं बनवायचे, बिलं तिनंच लिहायची, स्कूटरवरून कंपन्यांचे उंबरे मी झिजवायचे.

सुरुवातीला काम एकच, पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते सांगणारं पीएच मीटर. ४, ७ आणि ९.२ पीएचच्या बफरच्या बाटल्या पिशवीत घालून तुर्भे, पावणे, रबाळे, महापे फिरायचं, इलेक्ट्रोड धुवायचा, कॅलिब्रेशन करून स्टिकर लावायचा. एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे दोन-दोन महिने अडकायचे. पहिल्या पाच वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं राज्यांच्या मंडळांना निर्देश दिले. अतिप्रदूषणकारी १७ प्रवर्गांतले उद्योग आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं यांनी सांडपाण्याचं मोजमाप ऑनलाइन करायचं आणि रीडिंग थेट मंडळाच्या सर्व्हरवर पाठवायचं. पीएच, सीओडी (पाण्यातली घाण रसायनानं जिरवायला लागणारा प्राणवायू), बीओडी (जिवाणूंना ती घाण खायला लागणारा प्राणवायू), टीएसएस (पाण्यातले न विरघळलेले कण) आणि फ्लो (प्रवाह). कालपर्यंत गेटवर थांबवून ठेवणारे मॅनेजर आता स्वतः फोन करू लागले. आम्ही दोन मुलं कामावर घेतली, कर्ज काढलं आणि बसवणी सुरू केली.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ग्राहकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. बीओडीची खरी चाचणी प्रयोगशाळेत २७ अंशांवर तीन दिवस चालते. आउटलेटवर, म्हणजे सांडपाणी बाहेर पडतं त्या तोंडावर, लावलेलं यंत्र दर पंधरा मिनिटांनी बीओडीचा आकडा दाखवतं, ते काही तीन दिवस थांबलेलं नसतं. ते पाण्यातून अतिनील प्रकाश सोडतं, किती शोषला गेला ते पाहतं आणि त्यावरून बीओडीचा अंदाज बांधतं. डेअरीच्या पाण्यात हा हिशेब एक, रंगाच्या कारखान्यात वेगळा. म्हणून प्रत्येक प्लँटवर लॅबच्या रिपोर्टशी ताळा जमवून यंत्राला त्या पाण्याची ओळख करून द्यावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण न करता नुसतं यंत्र टांगलं तर पडद्यावर जे दिसतं ते त्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात एका प्लँटवरून फोन आला, ‘केबल तीन मीटर वाढवून पाहिजे.’ मला कारण कळेना. त्या आठवड्याचा ग्राफ उघडून पाहिला तर पट्टीनं आखल्यासारखी सरळ रेष. सांडपाणी असं वागत नाही. शिफ्ट बदलते, टाक्या धुतल्या जातात, पाऊस येतो, रेष त्यांच्यासोबत वरखाली होतेच. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता गेलो. आउटलेटच्या चेंबरशेजारी निळी बादली होती, त्यात नळाचं पाणी आणि पाण्यात आमचा प्रोब, म्हणजे यंत्राचा पाण्यात बुडवायचा मोजणारा भाग. केबल एवढ्यासाठी हवी होती की बादली शेडच्या आत नेता यावी.

मॅनेजर म्हणाले, ‘सगळेच करतात, तुम्ही फक्त वायर द्या.’ मी दिली नाही. ते कंत्राट गेलं, आणि त्यांच्या ओळखीतली आणखी दोन गेली. तीन एएमसी म्हणजे आमच्यासाठी दोन पगार. घरी आल्यावर बायकोनं बँकेचं पासबुक बघितलं आणि म्हणाली, ‘हप्त्यांचं मी बघते. तू अशी केबल कधीच लावू नकोस.’ त्या वर्षी तिनं संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. आमची कंपनी आज उभी आहे ती त्या वर्षामुळे, असं मी मनापासून मानतो. त्यानंतर आम्ही नियमच केला. करारात लिहिलेलं असतं की आमचा माणूस कधीही, न कळवता चेंबरपर्यंत जाईल. ज्यांना हे मान्य नाही त्यांचं काम आम्ही घेत नाही.

तोवर आमचं जग आउटलेटच्या पाइपपुरतं होतं. नदीकडे आम्हाला नेलं एका कॉलेजच्या पर्यावरण विभागातल्या मॅडमनी. २०१८ च्या मे महिन्यात त्यांना उल्हास नदीत बदलापूरच्या आसपास दोन आठवडे प्रोब ठेवायचा होता. विरघळलेला प्राणवायू, तापमान, पीएच, गढूळपणा, दर पंधरा मिनिटांनी नोंद. भर दुपारी आम्ही तो उतरवला. जलपर्णीचे पुंजके वाहत होते, पण रीडिंग चांगलं आलं आणि मला हायसं वाटलं. काठावर जाळं सुकवत बसलेले एक काका म्हणाले, ‘दुपारचं काय मोजतो? पहाटंचा ये. तवा मासा वर येऊन तोंड वासतो.’

दोन आठवड्यांनी लॉगर (नोंदी साठवणारं यंत्र) उतरवून ग्राफ काढला आणि काकांचं म्हणणं कागदावर दिसलं. रोज दुपारी रेष वर, रोज पहाटे खाली, डोंगर-दरी, डोंगर-दरी. अंघोळीयोग्य नदीत प्राणवायू लिटरला निदान ५ मिलिग्रॅम असावा असा निकष आहे. सूर्य उगवायच्या आधी आमची रेष त्याच्या बरीच खाली होती. दिवसा शेवाळ उन्हावर प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू ओढतं, आणि मैलापाण्यावर जगणारे जिवाणूही तोच वापरत राहतात. जितकं मैलापाणी जास्त, तितकी पहाटेची दरी खोल. सॅम्पलची बाटली मात्र भरली जाते सकाळी अकराला, कारण गाडी तेव्हा पोहोचते. बाटली भरणाऱ्याचा त्यात काही दोष नाही, पण अकराच्या बाटलीत पहाटेचे साडेपाच मावत नाहीत.

त्या ग्राफनं माझी झोप घालवली. पुढच्या वर्षी आम्ही स्वतःच्या खर्चानं, नदीच्या त्याच टप्प्यात प्रोब पुन्हा लावला. २७ जुलै २०१९ ला उल्हासला पूर आला, त्याच पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे अडकली होती. आमचा प्रोब, साखळी, लॉगर, सगळं वाहून गेलं. त्याचे हप्ते आम्ही पुढे दीड वर्ष फेडले. आता आम्ही प्रोब भोकं पाडलेल्या जाड एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपात बसवतो, पाइप दगडात बोल्ट करतो आणि डेटा सिमकार्डवरून बाहेर पाठवतो. यंत्र गेलं तरी त्याआधीचे आकडे हातात राहतात.

इंग्लंडमध्ये २०२१ साली पर्यावरण कायदा झाला, तो वाचताना मी एका कलमाशी थांबलो. मैलापाणी जिथे नदीत सोडलं जातं, त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला पाण्याची प्रत सतत मोजायची जबाबदारी त्या सांडपाणी कंपनीवर टाकली आहे. प्राणवायू, तापमान, पीएच, गढूळपणा, अमोनिया. पावसाळी निकासातून मैला सोडायला सुरुवात झाली की तासाभरात ते जाहीर करायचं, असंही त्यात आहे. वर आणि खाली, हे मला फार पटलं. आपल्याकडे गंगेवर केंद्रीय मंडळाची स्वयंचलित केंद्रं आहेत, पण पाणी सोडणाऱ्यावर ऑनलाइनची सक्ती आहे ती आउटलेटवर. पाइपातून बाहेर पडलेलं पाणी ठरलेल्या मर्यादेत असेलही. ते मिसळल्यावर नदीचं काय झालं, हे पाइपाला विचारून कळत नाही. त्यासाठी दोन प्रोब लागतात.

म्हणून सध्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीसोबत आम्ही ते करून पाहतोय. सोसायटीचा एसटीपी (मैलापाणी प्रक्रिया केंद्र) आहे, मागून नाला जातो आणि पुढे खाडीला मिळतो. एक प्रोब एसटीपीच्या तोंडाच्या वर, एक खाली. यंत्रं आमची, वीज त्यांची. कमिटीतल्या काहींना भीती होती की वाईट आकडे आले तर आपल्याच गळ्याशी येईल. सेक्रेटरी काकूंनी त्यांना समजावलं, ‘वरचा प्रोब आहे ना, आधीच घाण आलेलं पाणी आपल्या नावावर लागणार नाही.’ मी तासभर बोलून जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात केलं.

आज आम्ही नऊ जण आहोत. नवीन येणाऱ्याला पहिले तीन महिने आम्ही फक्त प्रोब पुसायला देतो. मैलापाण्यात चार दिवसांत काचेवर बुळबुळीत थर चढतो आणि यंत्र पाण्याऐवजी त्या थरालाच मोजायला लागतं. प्रत्येक जागेची एक वही आहे. पुसण्याआधीचं रीडिंग आणि पुसल्यानंतरचं रीडिंग, दोन्ही हातानं लिहायची, फरक कितीही लाजिरवाणा असला तरी. दर गुरुवारी सकाळी सहाला आमची टेक्निशियन नाल्यावर जाते. या गुरुवारची तिची प्राणवायूची नोंद अशी आहे: ‘खालचा प्रोब. शेवाळ, एक केस, प्लास्टिकचा तुकडा. पुसण्याआधी ३.१, पुसल्यावर ४.४. वरचा प्रोब ४.६. वायपरचं रबर बदलायला हवं.’ रबर मागवलं आहे, शनिवारी बसवतोय.