तुम्ही विचारलंत म्हणून : जी नाणी कधी चाललीच नाहीत, ती कशाला जमवायची?

माझा संग्रह पाहिला की बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात. ज्या नाण्यानं कुणी कधी काही विकत घेतलं नाही, त्यात इतिहास कुठला? हजारो हातांतून गेलेल्या, झिजलेल्या नाण्याचं मोल मीही मानतो. पण चलनातलं नाणं हा निकाल असतो. सुनावणीत काय काय झालं, ते पॅटर्नमध्ये दिसतं.

एखादं चित्र, धातू किंवा आकार अजमावण्यासाठी टांकसाळ जे नमुना नाणं पाडते, ते पॅटर्न. नापसंत झालेली बहुतेक वितळवतात. त्यातून वाचलेली तेवढीच आपल्यापर्यंत पोचतात.

अमेरिकेचं अॅल्युमिनियमचं सेंट घ्या. १९७३ मध्ये तांबं इतकं महागलं, की सेंटच्या नाण्यातलं तांबंच एका सेंटपेक्षा महाग पडेल अशी धास्ती वाटू लागली. म्हणून टांकसाळीनं १९७४ साल घातलेली १५ लाखांहून जास्त सेंट अॅल्युमिनियममध्ये पाडली. नाणं एक ग्रॅमपेक्षाही हलकं. नमुने काँग्रेसच्या सदस्यांना दाखवायला दिले. नाणं टाकून वस्तू देणाऱ्या विक्रीयंत्रांच्या मालकांनी विरोध केला. बालरोगतज्ज्ञांचा आक्षेप तर मला फार मोलाचा वाटतो : मुलानं हे नाणं गिळलं, तर एक्स-रेमध्ये ते नीट दिसणार नाही. पुढे तांबं उतरलं, बेत बारगळला, नाणी वितळवली गेली. वाटलेल्यांपैकी काही मात्र परत आलीच नाहीत. एक आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. डेन्व्हरच्या टांकसाळीत पाडलेलं एक २०१४ मध्ये लिलावाच्या वाटेवर होतं. सरकारनं त्यावर हक्क सांगितला आणि २०१६ मध्ये ते परत घेतलं. असं नाणं मला कुणी देऊ केलं तरी मी घेणार नाही. ते बाहेर आलं कसं, हा प्रश्न किमतीच्या आधीचा आहे.

माझा जीव सगळ्यात जास्त अडकतो तो आठव्या एडवर्डच्या नाण्यांत. ब्रिटनमध्ये दुसऱ्या चार्ल्सपासून रिवाज असा, की नव्या राजाचा चेहरा आधीच्या राजाच्या उलट दिशेला हवा. पाचवा जॉर्ज डावीकडे पाहत होता, म्हणजे एडवर्डनं उजवीकडे पाहायला हवं होतं. त्याला डावी बाजूच हवी होती, कारण केसांचा भांग त्या बाजूला होता. तो अडून बसला आणि हम्फ्री पॅजेटनं केलेल्या मुद्रेत चेहरा डावीकडेच राहिला. नाणी १९३७ च्या जानेवारीत निघायची होती. ११ डिसेंबर १९३६ ला त्यानं सिंहासन सोडलं आणि सगळं तिथंच थांबलं. नव्या बारा कोनांच्या पितळी तीन पेन्सचे काही नमुने विक्रीयंत्रं बनवणाऱ्यांकडे चाचणीला गेले होते. त्यातले काही परतलेच नाहीत. पुढचा सहावा जॉर्जही नाण्यावर डावीकडेच पाहतो. जणू एडवर्डनं उजवीकडे पाहिलं होतं असं धरून टांकसाळीनं रिवाज सांभाळला. हे नमुने नसते तर ही गंमत कुणाच्या लक्षातही आली नसती. (कच्छ संस्थानानं मात्र १९३६ मध्ये एडवर्डच्या नावाची ‘कोरी’, म्हणजे तिथली नाणी, पाडली, आणि ती रीतसर चलनात होती.)

रशियाच्या कॉन्स्टंटिन रूबलचंही तसंच. १८२५ मध्ये झार पहिला अलेक्झांडर वारला, तेव्हा अर्थमंत्री कांक्रिननं त्याचा भाऊ कॉन्स्टंटिन याच्या मुद्रेचे नमुने तयार करवले. वॉर्सात असलेल्या कॉन्स्टंटिननं गादीवरचा हक्क आधीच सोडला होता. निकोलस झार झाला आणि ते रूबल दडवून ठेवले गेले.

पॅटर्न म्हटलं की सगळंच मला सारखं प्रिय, असं नाही. १८७९ चं चार डॉलरचं सोन्याचं ‘स्टेला’ युरोपातही चालावं अशा कल्पनेतून निघालं. कल्पना चांगली होती. पण नमुने म्हणून मोजकी पुरली असती, तिथं मागणी वाढली म्हणून ४०० च्या वर पाडली गेली. त्यातली बरीचशी मग चाचणीसाठी नव्हे, हौसेसाठीच होती. अशा नाण्याला लाखो डॉलर मिळतात. माझ्या लेखी त्याहून १९७४ चं ते हलकं सेंट मोठं आहे, कारण त्यावर खरोखर काहीतरी ठरायचं होतं.

मग साध्या संग्राहकानं काय घ्यावं? फ्रेंच नमुन्यांवर ‘एसे’ आणि पोलिश नमुन्यांवर ‘प्रुबा’ (दोन्हींचा अर्थ चाचणी) असं ठशातच कोरलेलं असतं. त्यांतली पुष्कळशी आवाक्यात येतात, उघडपणे विकली जातात. वजन करा, कड तपासा, धातू सांगितलेलाच आहे ना ते बघा, आणि नाणं याआधी कुणाच्या संग्रहात होतं याचा कागद मागा. तो नसेल, तर मी नाणं कितीही आवडलं तरी खाली ठेवतो.