जर्मनीत एवढे म्युलर कुठून आले?

जर्मनीत सगळ्यात जास्त सापडणारं आडनाव म्युलर, म्हणजे धान्य दळणारा, गिरणीवाला. मला काय हे पटेना. शेतकरी तर ढिगानं असणार ना, मग बाउअर म्हणजे शेतकरी हे एक नंबरला पाहिजे, पण ते पहिल्या दहातपण नाही आणि वर कोण तर म्युलर, मग श्मिट म्हणजे लोहार, मग श्नायडर म्हणजे शिंपी. भाच्यानं विश्रामबागेत जर्मनचा क्लास लावलाय, त्याच्यामुळं हे खूळ डोक्यात शिरलं आणि वाचत बसलो.

कारण अगदी गावाकडचं निघालं. तिकडं साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात आडनावं पक्की होत गेली. त्याआधी नुसतं हान्स नाहीतर पेटर. एका गावात चार हान्स झाले की कुठला हान्स ते सांगायला खूण लागतेच, आपल्यात नाही का वड्याकडचा सदा आणि देवळाजवळचा सदा म्हणत. आता गावात सगळेच शेती करणारे, मग शेतकरी हान्स म्हणून काय कळणार? गिरणी मात्र एकच, लोहाराचा भाताही एकच. गावागणिक एक म्युलर एक श्मिट, अशी हजारो गावांची बेरीज झाली. पाटलांचं तरी वेगळं काय, गावाला पाटील एक आणि आज सांगलीत दगड मारला तर पाटलालाच लागतो. (तिकडचा पाटील म्हणजे शुल्त्स, मूळ शुल्टहाइस, गावाकडून देणं वसूल करणारा. हेपण पहिल्या दहात आहे.)

म्युलरचं गावाशी काय जमायचं नाही. गिरणी पाण्यावर चालणारी, गावाबाहेर ओढ्याच्या काठाला, मालक बहुतेक वेळा तिथला सरदार नाहीतर मठ. गावानं त्याच गिरणीत दळायचं असा हुकूम, कुठं कुठं तर घरात हातजात्यावर दळायलाही मनाई. आणि म्युलर मजुरी म्हणून धान्यातलाच हिस्सा काढून घ्यायचा, तेही माप त्याच्याच हातात! झालं, म्युलर म्हणजे चोर असा गावभर समज, बऱ्याच ठिकाणी कारागिरांच्या संघटना त्याच्या पोरांना आत घ्यायच्या नाहीत. आई अजून गिरणीतनं डबा आला की हातात धरून जोखते, त्यामुळं मला त्या गावकऱ्यांचं काय नवल वाटलं नाही.

उत्तरेत त्याचं म्योलर झालं, शिकलेल्या काहींनी लॅटिन करून मोलिटर केलं, आणि 1876 पासून देशभर सरकारी नोंदणी सुरू झाली तेव्हा ज्याचं जसं लिहिलं गेलं तसं राहिलं. पुण्यात जर्मन शिकवणाऱ्या मॅक्स म्युलर भवनामुळं आपल्याला माहीत असलेला मॅक्स म्युलर, 1823 ला देसाऊत जन्मलेला, पुढं ऑक्सफर्डला राहून सायणाचार्यांच्या जुन्या भाष्यासकट ऋग्वेद छापणारा, तोपण आडनावानं गिरणीवालाच की. संस्कृतात स्वतःला मोक्षमूलर म्हणवून घेतलं म्हणून काय झालं.

पण माझं डोकं अडकलंय ते आपल्या गावगाड्यात. लोहार, सुतार, कुंभार, गुरव, परीट सगळे आहेत. मिरजेत तर सतारमेकर आहेत, हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे शिकलगार सतारी-तंबोरे करायला लागले आणि त्यातनं असं अर्धं इंग्रजी आडनाव तयार झालं. मग दळणारा कुठाय? बारा बलुतेदारांत नाही, आडनावांत मला तरी भेटला नाही. कारण दळण बायकांकडं होतं, घरोघरी जातं आणि पहाटे उठून रोज तेच. घराघरात होणारं काम, त्यात बाई करणार, तिला कोण बलुतं देणार आणि तिच्या कामावरनं कोण आडनाव लावणार. ओव्या तेवढ्या हजारो केल्या त्यांनी. तिकडं तेच दळण पाण्याच्या चाकावर गेलं, एका पुरुषाच्या ताब्यात आलं, हिस्सा ठरला आणि पोराबाळांना नाव मिळालं. आपल्याकडं इंजिनावरची गिरणी आली, मग विजेवरची आली, तोवर आडनावं कधीच ठरून गेलेली, त्यामुळं आमच्या गल्लीतला गिरणीवाला पवार आहे.