आठव्या दिवशी उठलेलं पुरळ

न्यूमोनियासाठी ॲडमिट होऊन आठवडा झाला होता. ताप गेला होता, घरी सोडण्याची भाषा सुरू झाली होती. आठव्या दिवशी सकाळी पोटाला खाज सुटली. घामोळं असेल म्हणून सोडून दिलं, तर दुपारपर्यंत छाती नि पाठ गोवर आल्यासारखी लाल ठिपक्यांनी भरली. संध्याकाळी ठिपके मांड्यांवर उतरले.

मी लगेच आरोपी ठरवून मोकळी! आदल्या रात्री पाठदुखीवर एक नवी गोळी दिली होती, तीच असणार. सिस्टरांनाही तेच वाटलं.

त्वचेच्या डॉक्टर आल्या त्या आधी माझ्या तोंडात टॉर्च मारून बसल्या. मग डोळे पाहिले, लघवीला जळजळ होते का, कातडी दुखते का, विचारलं. इथे खाजवून खाजवून जीव जातोय आणि ह्या घसा काय तपासतायत, असं मनात आलं. पण तोंडात, डोळ्यांत, गुप्तांगावर फोड आले किंवा कातडी सुटायला लागली, तर ती स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाची औषधाची गंभीर रिॲक्शन असू शकते, आणि त्यात जिवावर बेतू शकतं. मला यातलं काही नव्हतं. चेहऱ्यावर सूज नव्हती. रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) थोडे वाढलेले, लिव्हर ठीक. त्यांनी पोटावर अंगठा दाबला. लाली गेली, सोडल्यावर परत आली. म्हणजे कातडीखाली रक्त साकळलेलं नव्हतं.

मग त्यांनी औषधांचा चार्ट मागवला आणि बोट ठेवून दिवस मोजले.

"सेफ्ट्रिआक्सोन, म्हणजे न्यूमोनियासाठीचं अँटिबायोटिक इंजेक्शन, पहिल्या दिवसापासून चालू आहे ना?"

"हो, पण त्याचा टेस्ट डोस दिला होता. हातावर काहीच उठलं नव्हतं."

"तो लगेच येणाऱ्या रिॲक्शनसाठी. हे पुरळ उशिरा येणारं. औषध नवीन असेल तर साधारण चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कधीही उठतं. आधी अंगाला ओळख झालेली असेल तर एक-दोन दिवसांतही."

म्हणजे सात दिवस निमूट सोसलेलं औषधच फिरलं होतं! इंजेक्शन बंद करून दुसऱ्या गटातलं अँटिबायोटिक दिलं. खबरदारी म्हणून ती गोळीही थांबवली. खाजेसाठी सेटिरिझिनची गोळी, स्टेरॉइडचं मलम आणि भरपूर मॉइश्चरायझर.

तरी पुढचे दोन दिवस पुरळ वाढतच गेलं. औषध बंद केल्यावरही असं होतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर सिस्टरांशी माझं भांडण टळलं असतं. चौथ्या दिवशी लाली तपकिरी पडली आणि आठवडाभरात पोटावरून कोंड्यासारखी बारीक साल निघाली.

डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'अँटिबायोटिकची ॲलर्जी' असं लिहिलं होतं. मी कार्ड परत पाठवलं. अशानं पुढच्या वेळी एकतर सगळीच अँटिबायोटिक्स टाळतील, नाहीतर नेमकं तेच टोचतील. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, पुरळ उठल्याची तारीख, 'तोंडात फोड नाहीत', एवढं लिहून घेतल्यावरच बॅग उचलली.

पाठदुखीची ती गोळी पुढे डॉक्टरांनीच पुन्हा सुरू केली. अंगावर एक ठिपकाही उठला नाही.