दात येताना बाळाची बोटं फुटली तेव्हा

नाशिकची डिसेंबरातली कोरडी हवा, त्यात लेक सात महिन्यांची आणि खालचे पुढचे दात हिरडीतून वर येऊ लागलेले. दिवसभर उजव्या हाताचा अंगठा नाहीतर शेजारची दोन बोटं तोंडात. लाळेरं भिजलं की बदलता येतं, बोटांचं काय करणार? आधी पेरं लाल झाली, मग खरखरीत, आणि एका सकाळी अंगठ्याच्या सांध्यावर बारीक चिरा दिसल्या. बोट तोंडात गेलं की ती कळवळायची, पण हिरड्या शिवशिवत असल्यामुळे पुन्हा तेच बोट चावायची. ते बघवत नव्हतं.

बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेलं कारण मला फार उपयोगी पडलं. लाळेत अन्न पचवणारी द्रव्यं असतात, ती नाजूक कातडीला झोंबतात. शिवाय बोट ओलं होतं, वाळतं, पुन्हा ओलं होतं आणि दर वेळी वाळताना कातडीतला ओलावाही घेऊन जातं. म्हणून फुटलेल्या बोटावर नंतर काही चोपडण्यापेक्षा लाळ लागण्याआधीच थर हवा. आणि तो थर पोटात जाणारच हे धरून निवडायचा.

त्यामुळे सुवासिक बेबी क्रीम बाद झालं. साधी, वास नसलेली पेट्रोलियम जेली अगदी पातळ लावायची ठरली. सर्वांत जास्त उपयोग झोपेतल्या जेलीचा झाला. गाढ झोप लागली की कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडानं बोटं पुसायची, न घासता टिपायची आणि कातडी किंचित दमट असतानाच जेली लावायची. झोपेत बोट तोंडात जात नव्हतं, त्यामुळे थर तासन्‌तास टिकायचा. जागेपणी जेली चाटून जायचीच, तरी दूध पाजण्याआधी आणि रांगायला सोडण्याआधी मी हात फिरवत असे. हातमोजे मात्र घातले नाहीत. चावून ओले झालेले मोजे लाळ कातडीलाच धरून ठेवतात, आणि आतला सुटा दोरा बोटाला आवळला जाण्याची भीती वेगळीच.

तीच गोष्ट मनगट्यांची. काळ्या मण्यांखाली लाळ साचून मनगटावर लाल वळ उठला होता. सासूबाईंनी स्वतःच त्या उतरवल्या आणि म्हणाल्या, “कातडी बरी होऊ दे, मग घालू.” मला फार बरं वाटलं. अंघोळीतलं डाळीचं पीठही आम्ही बंद केलं, नुसतं कोमट पाणी पुरलं.

शेजारच्या आजी टाकणखार (बोरॅक्स) मधात कालवून हिरड्यांना लावायला सांगत होत्या. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण डॉक्टरांनी हे दोन्ही ठाम नाकारलं. टाकणखार तान्ह्या बाळाला विषारी ठरू शकतो, त्यानं झटकेही येऊ शकतात. एक वर्षाच्या आत मध द्यायचाच नाही, कारण त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. हिरड्या बधिर करणारी जेलही नको. बेंझोकेन असलेली अशी जेल दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये बजावलं आहे.

मग चावायला दुसरं काय द्यायचं? ओला स्वच्छ रुमाल फ्रीजमध्ये गार करून माझ्या हातात धरून दिला, तो तिला फार आवडला. रुमाल तोंडात असेल तेवढा वेळ बोटांना आराम. लाली हळूहळू उतरली, चिरा भरल्या. अंगठ्याचा सांधा मात्र थंडी संपेपर्यंत खरखरीतच राहिला.

डॉक्टरांनी बजावलेल्या काही खुणांवर माझी सतत नजर असायची. नखाच्या कडेला सूज किंवा पू, म्हणजे नखुरडं, चिरांतून पिवळट पाणी, तळहात, तळपाय आणि तोंडात एकाच वेळी फोड, किंवा 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप. असं काही दिसलं तर दातांवर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दाखवायला न्यायचं.