सुधारणा आवश्यक

एप्रिलमध्ये पहिली-दुसरीच्या बाईंना कुणी विचारलं, काय चाललंय, तर उत्तर ठरलेलं असतं : नोंदी. ज्यांच्या घरात कुणी शिक्षक नाही त्यांच्यासाठी सांगते. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. तेव्हापासून दुसरीच्या मुलाचे शंभरातले ७० गुण आकारिकचे, म्हणजे वर्गात रोज जे चालतं त्याचे, आणि ३० गुण संकलितचे, म्हणजे परीक्षेचे. वर प्रत्येक मुलाबद्दल शब्दांत लिहायचं. त्याला तीन रकाने : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक.

कल्पना मला मनापासून पटते. पण माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत, आणि रात्री साडेदहाला तेविसाव्या मुलाची विशेष प्रगती आठवेनाशी होते. मग फोनवर तयार नोंदींची पीडीएफ येते. 'शालेय शिस्त आत्मसात करतो.' 'उपक्रमात उत्स्फूर्तपणे सहभागी होतो.' 'दैनंदिन व्यवहारात प्रमाण भाषेचा वापर करतो.' ही वाक्यं इतक्या वर्गांतून हिंडून आलेली असतात की त्यांना कुठल्याच पोराच्या दप्तराचा वास उरलेला नसतो. 'आवड व छंद'मध्ये तर अख्खा महाराष्ट्र चित्रं काढतो आणि गोष्टी ऐकतो. माझ्या वर्गातल्या एकाचा खरा छंद आहे मुंग्यांच्या रांगेत खडू आडवा ठेवायचा आणि त्या कुठून वळतात ते बघत बसायचं. मी लिहिलं, 'निरीक्षण करणे.' खोटं नाही, पण त्यात खडू नाही, मुंग्या नाहीत आणि तोही नाही.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. मराठी माध्यमाची, पण घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीसुद्धा नसतील. बहुतेकांची तेलुगू, काहींची कन्नड, चार-पाच जणांची उर्दू. घरात कुणाच्या आईच्या मांडीवर विड्यांचं सूप, कुणाचा बाप मागावर. पहिलीत येतात तेव्हा 'बाई, पाणी' एवढं मराठी पुरतं. दुसरीच्या शेवटी एकमेकांच्या तक्रारी सांगायला लागले की समजायचं, भाषा आली. तक्रार करायला क्रियापद लागतं.

संकलित उरकली की निकालापर्यंतचे दिवस मला सगळ्यात आवडतात. अभ्यासक्रम संपलेला, शाळा सकाळची, हजेरी थोडी गळलेली. दहा वाजताच पत्रा तापतो. पारा ४२ च्या पुढे गेलेला असतो आणि खिडकीतून येणारा वारा आला नसता तरी चाललं असतं. अशा वेळी आम्ही जुन्या वह्यांची कोरी पानं काढून त्यांची एक नवी वही शिवतो. दोरा मी घेऊन जाते, पण यंदा एक जण बापाच्या कारखान्यातलं सुताचं रीळ घेऊन आला. चादरीचं सूत, गर्द लाल. 'बाई, तुमचा दोरा तुटतो. हे तुटत नाही बघा.' त्या दिवशी दुसरीच्या सगळ्या वह्यांना लाल पाठकणे आले.

मग कपाट. गणिताच्या पेटीतलं सामान मोजून परत लावायचं. शंभर मण्यांची माळ, दहा लाल दहा पांढरे अशी, दर वर्षी थोडी आखूड होते. यंदा ९६ भरले. चार मणी कुठे गेले याचा तपास मी करत नाही. दशकाचे गठ्ठेही सुटलेले होते, रबरं उन्हाने वितळून काड्यांना चिकटलेली. मी नवी रबरं शोधत होते तोवर एका मुलीने तेच लाल सूत घेतलं, दहा काड्या मुठीत धरल्या, अंगठ्याने टोक दाबलं, दोन वेढे आणि खाली सरकवून गाठ. मी बघेपर्यंत तीन गठ्ठे झाले होते. अशी गाठ मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेली नाही. तिच्या आईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते. दिवसभर समोर बसून तिने काय पाहिलं असेल ते तिच्या अंगठ्यात होतं. हीच मुलगी चाचणीत दशक-एककाच्या प्रश्नाला अडली होती. मी तिच्यापुढे चार गठ्ठे आणि सात सुट्या ठेवल्या. किती?

'नलभै एडु,' ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, 'चाळीस सात.'

इथे मला थांबावं लागलं, कारण ती बरोबर होती. तेलुगूत चाळीस आधी, सात मागून. कन्नडमध्येही तसंच, 'नलवत्तेळु'. मराठीत मात्र सत्तेचाळीस : सात आधी बोलायचे, चाळीस नंतर, आणि लिहायचं उलट. त्यात 'एकोणतीस' हा आणखी एक छळ. ऐकू येतं तीस, लिहायचे दोनावर नऊ. वर्गात दर वर्षी पाच-सहा वह्यांत २९ च्या जागी ३९ असतात आणि त्रेसष्ट म्हटलं की ३६ येतात. आम्ही लाल शाईने खूण करतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन जुन्या नावांच्या जोडीने आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो, हे गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, आणि आपण विनोद फॉरवर्ड करत होतो. मीही केले होते. एक तर चांगला होता. पण त्या वादात कुणी आमच्या पूर्व भागात येऊन एखाद्या पोराला विचारलं असतं, तर तो म्हणाला असता, यात नवीन काय आहे, आमची अव्वा, म्हणजे आजी, असंच मोजते.

'सत्तेचाळीस म्हण,' मी म्हणाले. तिने म्हटलं. दोन्ही येतं हे विशेष प्रगतीत लिहायचं की सुधारणा आवश्यकमध्ये, यावर माझी ती संध्याकाळ गेली.

भाषेचंही तेच. आमची पोरं म्हणतात, 'बाई, मी चित्र काढलो.' 'मी पाणी पिलो.' पुस्तक म्हणतं, मी चित्र काढले. दुरुस्त करायचं म्हणून मी तोंड उघडते, आणि आठवतं, सकाळी घरातून निघताना मी नवऱ्याला ओरडून सांगितलं होतं, 'मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ले, तुम्ही खाऊन घ्या.' प्रमाण भाषेच्या रकान्यात आधी माझीच नोंद व्हायला हवी.

एक मेला झेंडावंदन झालं की निकाल. दुसरीत नापास कुणी नसतंच, तरी पालक इस्त्रीचे कपडे घालून येतात, पेढे आणतात. यंदा शेवटच्या बाकावरचा एक जण त्याच्या अव्वाला घेऊन आला. आई कामावर, बाप पाळीवर. अव्वाला मराठी बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. तिने प्रगतिपत्रक नातवाच्याच हातात दिलं आणि तेलुगूत म्हणाली, वाच.

जूनमध्ये या पोराला 'बदक'सुद्धा एका दमात वाचता येत नव्हतं. आता तो बोट ठेवून वाचायला लागला. 'विशेष प्रगती. प्रकट वाचन करतो.' अव्वाला तेलुगूत सांगितलं. 'आवड व छंद. कवायत.' सांगितलं. मग बोट तिसऱ्या रकान्यावर आलं. 'सुधारणा आ-व-श्य-क.' श्य जरा अडला, सुटला. 'संख्या उलट क्रमाने लिहितो. अक्षर गिरवण्याचा सराव हवा. वर्गात शेजाऱ्याशी बोलतो.' एकही शब्द चुकला नाही. मी दोन पावलांवर उभी होते. मला तेलुगू बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत कळायला लागलंय, हे त्याला ठाऊक नव्हतं.

अव्वाने विचारलं, एवढं लांब काय लिहिलंय?

त्याने पत्रकाची घडी घातली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, 'अंता बागुंदि.' सगळं छान आहे.

अव्वाने मला हात जोडले आणि पदराच्या गाठीतून पेढ्याची पुडी काढली. उन्हाने पेढा कागदाला चिकटला होता. मी तो कागदासकट घेतला.